एकशे पंधरा घोडे आणि यवतेश्वरचा घाट

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, मोटारींवरील जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि आमच्या घरात दोन वर्षे पुढे ढकलला जाणारा नव्या गाडीचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. आमची अकरा वर्षांची छोटी हॅचबॅक अजून चालत होती. पण चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाट जवळ आला की मागच्या सीटवरून 'एसी बंद कर रे' अशी सूचना आपोआप यायची आणि आम्ही पाच माणसे काचा खाली करून, दुसऱ्या गिअरमध्ये, मालट्रकच्या धुरात तो घाट चढायचो. साताऱ्यात वाढलेल्या कोणालाही हा प्रसंग नवा नाही. आई-बाबांना चढता-उतरताना वाकावे लागू नये आणि पाटण खोऱ्यातून परतताना तांदळाचे पोते बॅगांसह डिकीत मावावे, एवढ्या दोन गरजांवरून मोठी गाडी घ्यायची हे ठरले होते. लोक जिला सरसकट एसयूव्ही म्हणतात आणि जी बांधणीने उंच केलेली कारच असते, अशी क्रॉसओव्हर घ्यायची होती. रंग दोन दिवसांत ठरला, इंजिन ठरायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांचे मूळ एका आकड्यात होते. जेवणाच्या टेबलावर चार माहितीपत्रके मांडून बसलो, तेव्हा लक्षात आले की क्रेटाचे दीड लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ११५ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) आहे, त्याच गाडीचे दीड लिटरचे डिझेल ११६ पीएसचे आहे, कुशाक आणि टायगुनमधले एक लिटरचे टर्बो (हवा दाबून भरणारे) पेट्रोल ११५ पीएसचे आहे, आणि ग्रँड विटारा व हायरायडरमधल्या स्ट्राँग हायब्रिडची इंजिन व विजेची मोटर मिळून होणारी एकत्रित शक्तीही ११६ पीएस आहे. बाबांनी चष्मा लावून चारही पाने वाचली आणि म्हणाले, "सगळ्यांत घोडे तेवढेच आहेत, मग स्वस्त असेल ती घे." तर्क बिनतोड होता. तो चुकीचा का आहे हे त्यांना समजावून सांगता सांगता मलाच ते नीट समजले.

माहितीपत्रकातले घोडे हे इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांना मिळणारे कमाल घोडे असतात. क्रेटाच्या साध्या पेट्रोल इंजिनाला आपले ११५ घोडे द्यायला मिनिटाला ६,३०० फेरे मारावे लागतात आणि घरातली माणसे बसलेली असताना कोणताही शहाणा माणूस इंजिन तिथपर्यंत नेत नाही. आपण रोजच्या चालवण्यात दीड ते तीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान असतो आणि तिथे काय मिळते ते टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराच्या, आकड्यावरून कळते. साध्या पेट्रोलचा टॉर्क १४४ न्यूटन-मीटर आहे, पण तो ४,५०० फेऱ्यांना मिळतो. एक लिटरच्या टर्बोचा १७८ आहे आणि तो १,७५० पासूनच मिळू लागतो. डिझेलचा २५० आहे आणि तो १,५०० ते २,७५० या पट्ट्यात, म्हणजे नेमका जिथे आपण गाडी चालवतो तिथेच मिळतो. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून सुमारे ७,०२२ ने भागले की पीएसमधली शक्ती निघते. हा गुणाकार मी २,५०० फेऱ्यांसाठी करून पाहिला, तेव्हा साध्या पेट्रोलच्या वाट्याला जास्तीत जास्त ५१ घोडे आले, टर्बोच्या वाट्याला ६३ आणि डिझेलच्या वाट्याला ८९. बाबांनी आकडेमोड तपासली, आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केल्यामुळे दुसऱ्यांदाही तपासली, आणि "मग हे आधीच का लिहीत नाहीत?" असा रास्त प्रश्न विचारला.

कागदावरचा हा फरक बुडाखाली कसा जाणवतो हे पाहायला आम्ही यवतेश्वरचा घाट निवडला. शोरूमच्या मुलांची पसंती महामार्गालगतच्या सेवा रस्त्याला असते, कारण तो सपाट आणि मोकळा असतो आणि तिथे कोणतीही नवी गाडी चांगलीच वाटते. मी प्रत्येक ठिकाणी नम्रपणे सांगितले की आम्ही पाचही जण येऊ, एसी पूर्ण चालू असेल, आणि समर्थ मंदिरापासून कासच्या रस्त्याने यवतेश्वरपर्यंत चढून परत येऊ. एका ठिकाणी नकार मिळाला आणि तिथली गाडी यादीतून गेली. एकट्याने सपाट रस्त्यावर घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हवरून कुटुंबासाठी इंजिन निवडणे म्हणजे नुसत्या फोटोवरून लग्न ठरवण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. ज्या घाटात तुमची आत्ताची गाडी धापा टाकते, त्याच घाटात नवी गाडी तेवढ्याच ओझ्यानिशी नेऊन पाहावी.

साध्या पेट्रोलची जी गाडी आम्ही आधी नेली ती सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअरांच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सची होती. शहरात ती इतकी मऊ चालली की पोवई नाक्यापर्यंत मी मनातल्या मनात बुकिंग करून टाकले होते. घाट सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबला, तर फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढे जाऊन तिथेच थांबला, वेग मात्र आपल्या सवडीने वाढत राहिला. मागून आईने विचारले, "ही एवढी ओरडते का रे? काही बिघडलंय का?" काही बिघडले नव्हते. टॉर्क वरच्या फेऱ्यांना असल्यामुळे गिअरबॉक्स इंजिनाला तिथे नेऊन ठेवत होता, म्हणजे आपले काम चोख बजावत होता. पण कुंभार्लीत अर्धा तास तो आवाज ऐकत बसायचे आहे, हा विचार मनातून गेला नाही.

टर्बोची पहिली गाडी मॅन्युअल होती आणि तिने एका वळणावर मला चांगलाच धडा दिला. केसाच्या आकड्यासारख्या वळणावर मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो, काटा चौदाशेच्या आसपास होता आणि पाय पूर्ण दाबूनही एक-दोन सेकंद काहीच झाले नाही. मग टर्बोला जाग आली आणि गाडी एकदम पुढे झेपावली. एक लिटरचे इंजिन टर्बोच्या मदतीशिवाय शेवटी एक लिटरचेच असते, आणि पाच माणसे घेऊन चढावरच्या वळणावर ते उघडे पडते. पहिल्या गिअरची सवय लावून घेतली तर प्रश्न सुटतो, पण ती सवय माझ्याबरोबर सौभाग्यवतींनाही लावून घ्यावी लागली असती आणि त्यांनी त्यास स्वच्छ नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याच इंजिनाची टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक नेली. त्याच वळणावर गिअरबॉक्सने स्वतःहून खालचा गिअर घेतला आणि काटा टर्बोच्या पट्ट्याबाहेर गेलाच नाही. इंजिनाची निवड गिअरबॉक्सपासून वेगळी करता येत नाही हे मला त्या वळणावर कळले.

आपल्याकडच्या लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण बारा टक्के विरळ असते. साधे इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढीच ओढते, त्यामुळे त्याची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते आणि ११५ घोड्यांचे शंभराच्या आसपास उरतात. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून पेट्रोल असो वा डिझेल, त्याला ही उंची फारशी जाणवत नाही. मुंबईच्या माणसाने लिहिलेला अभिप्राय वाचून साताऱ्याच्या माणसाने गाडी घेऊ नये, याचे हे एक कारण.

डिझेलबद्दल मला जास्त लिहावे लागेल, कारण यवतेश्वरच्या घाटात डिझेलच सर्वांत सरस ठरले होते. पाच माणसे आणि एसीसह ते दोन हजार फेऱ्यांच्या आतबाहेर राहून निवांत चढले आणि बाबा गप्पा मारत राहिले, हीच त्याची पावती. ते घ्यायचे नाही हा निर्णय मनाला पटायला म्हणूनच वेळ लागला.

प्रथम पैशाचा हिशेब मांडला. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी मोटारीवर एकरकमी कर पेट्रोलसाठी १२ टक्के आणि डिझेलसाठी १४ टक्के आहे. समजा पेट्रोल गाडीची शोरूम किंमत साडेतेरा लाख आणि तशाच डिझेलची पंधरा लाख धरली, तर दीड लाखाच्या मूळ फरकावर आरटीओच्या कराचा आणखी ४८ हजारांचा फरक चढतो. विम्यासह तो दोन लाखांवर स्थिरावतो. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर, मिश्र वापरात पेट्रोल १३ आणि डिझेल १७ किलोमीटर, असे धरले तर किलोमीटरमागे पेट्रोलला आठ रुपये आठ पैसे आणि डिझेलला पाच रुपये पस्तीस पैसे पडतात. फरक झाला सुमारे पावणेतीन रुपयांचा, आणि दोन लाख वसूल व्हायला त्र्याहत्तर हजार किलोमीटरच्या आसपास गाडी पळवावी लागते.

आता आमची धाव. शहरात रोजचे सहा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे अठराशे. महिन्यातून एकदा पुणे, जाऊन-येऊन २३० किलोमीटर. महिन्यातून दोनदा पाटणच्या पलीकडचे गाव, प्रत्येक वेळी १३०. वर्षाकाठी कोकण वगैरे दीड हजार. एकूण नऊ हजारांच्या थोडे वर. म्हणजे डिझेलचे पैसे सुटायला आठ वर्षे लागणार. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हेच पैसे पावणेचार वर्षांत सुटतात आणि त्याने डोळे झाकून डिझेल घ्यावे, पुढे मी काय लिहिले आहे ते वाचण्याचीही त्याला गरज नाही.

पैशापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटले ते शहरातले सहा किलोमीटर. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आवश्यक झाला. अडवलेली काजळी जाळून टाकण्यासाठी आतले तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते आणि काही काळ तिथे टिकावे लागते. पोवई नाका ते राजवाडा एवढ्या अंतरात इंजिनच धड गरम होत नाही, तिथे फिल्टर कुठून तापणार? काजळी साचत जाते. गाडीचा संगणक मग जास्तीचे डिझेल फवारून ती जाळू पाहतो, पण तेवढ्यात आपण मंडईत पोचून किल्ली फिरवलेली असते. हा अर्धवट प्रयत्न वारंवार झाला तर न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. माझ्या मेहुण्यांची डिझेल गाडी आहे. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. ते निवृत्तीनंतर भाजी, बँक आणि देऊळ यांपलीकडे गाडी काढत नव्हते. एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, त्यांनी तो आठवडाभर कौतुकाने पाहिला आणि मग इंजिनाची शक्तीच घटली. वर्कशॉपमध्ये फिल्टर यंत्राने साफ करून घ्यावा लागला. तेव्हापासून दर पंधरवड्याला ते वाढे फाट्यावरून महामार्गाला लागतात, चौथ्या गिअरमध्ये फेरे दोन हजारांच्या वर ठेवून आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडून वळतात आणि घरी येतात. बहीण या फेरीला 'गाडीला फिरवून आणणे' म्हणते. घरी पाळलेल्या कुत्र्याबद्दल बोलावे त्याच स्वरात म्हणते.

हायब्रिडचा मोह खरा होता. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात २१ धरला तरी किलोमीटरला पाच रुपये पडतात, म्हणजे डिझेलपेक्षाही कमी, आणि शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात तर हे तंत्र फारच उजवे ठरते. बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असल्याने ती भीतीही उरली नव्हती. माझे घोडे अडले ते घाटापाशीच. या गाडीतले पेट्रोल इंजिन ९२ पीएसचे आहे आणि ११६ चा आकडा गाठायला बॅटरीत वीज शिल्लक असावी लागते. बॅटरी पाऊण युनिटाची आहे. लांब चढावर ती उतरली की ९२ घोड्यांचे इंजिन एकटे ओरडत राहते. उताराचे गणित आणखी मजेशीर आहे. माणसे आणि सामान मिळून सोळाशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा अडीच युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा सुटते. त्यातला काही भाग टायर आणि वारा खातात हे धरूनही, पाऊण युनिटाची बॅटरी चिपळूण दिसायच्या बरीच आधी भरून जाते. म्हणजे घाटात उतरताना मिळणारी फुकटची वीज साठवायला जागाच नसते. त्यात बॅटरीमुळे डिकी लहान होते आणि आमच्या तांदळाच्या पोत्याचा प्रश्न उभा राहतो. गाडी मुख्यतः पुण्यातल्या गर्दीत चालणार असती तर मी हायब्रिड घेतली असती, यात शंका नाही.

सीएनजीचा विचार टाकीने व्यापलेली डिकी आणि पंपावरची रांग पाहून एका संध्याकाळीच संपला. इलेक्ट्रिकला इंजिनच नसल्यामुळे ती या विषयाबाहेर राहते.

करातली एक गंमत मात्र सांगायला हवी, कारण तिच्यामुळे बऱ्याच जणांचे निर्णय बदलले. नव्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीची गाडी १८ टक्के जीएसटीत बसते, पण त्यासाठी पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत आणि डिझेल १,५०० सीसीच्या आत असावे लागते. बाकी सर्व पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. त्यामुळे दीड लिटरची डिझेल नेक्सॉन १८ टक्क्यांत आहे, तर लांबीने तेवढीच पण दीड लिटर पेट्रोलची ब्रेझा ४० टक्क्यांत गेली. आणि कुशाकचे इंजिन एक लिटरचे असूनही गाडी सव्वाचार मीटरची असल्याने तीही ४० टक्क्यांत. सवलतीसाठी चार मीटरच्या आतली गाडी घ्यावी असे एकदा मनात आले, पण मागच्या सीटवर मधोमध बसून आईने "पाटणपर्यंत मी अशी बसणार नाही" असे सांगितल्यावर तो मुद्दा निकालात निघाला.

इथेनॉलचा मुद्दा आमच्या जिल्ह्यात जरा जपून बोलावा लागतो, कारण निम्म्या घरांचा उसाशी संबंध असतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे पंपावरच्या, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. वरच्या हिशेबात मी पेट्रोलचा मायलेज चौदाऐवजी तेरा धरला तो यासाठीच. टर्बोच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. इथेनॉलचे ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता, जास्त असल्याने दाब वाढला तरी इंजिन ठोके देण्याची शक्यता कमी होते. नवी गाडी घेताना ती ई-२०, म्हणजे या वीस टक्के मिश्रणासाठी बनवलेली आहे एवढे पाहिले म्हणजे पुरे.

दिवाळीच्या पाडव्याला एक लिटरची टर्बो, टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक घरी आली. ड्युअल क्लचची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची), अधिक ताकदीची दीड लिटर टर्बोही बजेटच्या काठावर होती. पण शनिवारी पसरणीच्या घाटात पाचगणीला निघालेल्या गाड्यांची रांग लागते आणि चढावर इंच-इंच सरकावे लागते, तेव्हा तिच्यातला कोरड्या, म्हणजे ऑइलात न भिजणाऱ्या, क्लचचा गिअरबॉक्स तापतो, हे माहीत असल्यामुळे तो नाद सोडला. एमआयडीसीतल्या ओळखीच्या मिस्त्रींनी एकच सल्ला दिला. टर्बोची चकती मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारते आणि तिला आधार फक्त ऑइलचा असतो, तेव्हा ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच आणि वेळेवर बदलायचे, त्यात शंभर-दोनशे रुपये वाचवायचे नाहीत.

आजवर चार हजार किलोमीटर झाले आहेत. शहरात साडेनऊ आणि महामार्गावर साडेसोळा मिळतात. शहरातला आकडा मी बाबांना सांगितलेला नाही. कुंभार्ली एसी लावून, काचा बंद ठेवून चढलो आणि आई पाटणपर्यंत झोपली होती.

पुण्याच्या मासिक फेरीसाठी मात्र आता वेगळीच सोय झाली आहे. आम्ही मेहुण्यांची डिझेल गाडी घेऊन जातो. खंबाटकी चढून-उतरून दोनशे तीस किलोमीटर झाले की तिचा फिल्टर स्वच्छ होतो, मेहुण्यांची आनेवाडीची एक चक्कर वाचते आणि माझे पेट्रोल वाचते. परत करताना टाकी मी भरून देतो, आणि मेहुणे गेजकडे एक नजर टाकल्याशिवाय किल्ली घेत नाहीत.